केरूची कमान

केरू गवंड्याची उभी हयात गंगापूर रोडवरच्या फ्लॅटांना प्लास्टर करण्यात गेली. दगडाचं काम तो बापाकडून शिकला होता, पण हल्ली दगडाला विचारतो कोण? म्हणून त्र्यंबककडच्या एका गावाने ओढ्यावरच्या जुन्या पुलाची ढासळलेली कमान बांधायला बोलावलं, तेव्हा पंचावन्न वर्षांचा हा गडी नवरदेवासारखा नटून निघाला.

पुलाच्या पायाचे दगड कुठल्या राजाच्या काळचे, ते गावात कोणालाच सांगता येत नव्हतं. कमानी मागाहून कोणीतरी त्याच पायावर चढवलेल्या. त्यातली मधली आता केरूची.

त्याची बायको कुसाबाई मात्र धास्तावली होती. घराण्याची रीतच तशी होती. कमानीखालच्या आधाराच्या लाकडी बल्ल्या काढताना कमान बांधणाऱ्याने स्वतः तिच्याखाली उभं राहायचं. या रीतीपायी तिचा सासरा जन्माचा लंगडा झाला होता.

"त्या कमानीखाली मी मेले तरी पाय ठेवणार नाय," ती म्हणाली, "आन तुमीबी ठेवू नका."

"मंग लोकांनी कशाच्या भरवशावर वरून जायाचं?"

कुसाबाईने अबोला धरला. पण बल्ल्या काढायच्या दिवशी भाकरी बांधून मुकाट काठावर येऊन बसली. रागवायला तरी माणूस समोर हवा ना!

ओढा कोरडा होता. केरू कमानीखाली वर बघत उभा राहिला. मजुरांनी पाचरी सैल केल्या, एकेक बल्ली काढली. शेवटची निघाली तशी कमान करकरली आणि चुन्याची भुकटी केरूच्या टोपीवर सांडली. कुसाबाईने डोळे गच्च मिटले. मग सगळं शांत झालं.

तिने डोळे उघडले तर कमान सूतभर खाली बसून घट्ट उभी होती. गावकरी आनंदाने ओरडत होते. कुसाबाईचा जीव भांड्यात पडला. केरू मात्र जागचा हलेना.

"आवं, या की भायेर!"

"येतो गं. पाय उचलंना," केरू कसनुसा हसला.

कुसाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन तरातरा गेली, दंड धरून त्याला तिथंच खाली बसवलं. "म्हातारपणी लय हौस!" म्हणत तिने पदराने डोळे पुसले आणि भाकरी सोडली. दोघंही भुकेले होते. अर्धी भाकरी संपल्यावर केरू हळूच म्हणाला, "तू तर हितं पाय ठेवणार नव्हतीस."

कुसाबाईने वर पाहिलं. मग भाकरीचा आणखी एक तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला.

"सावली बरी हाय," ती म्हणाली.