पिवळीला कुणी विचारलं

ज्ञानोबा गेल्याचं त्याच्या बहिणीनं, उषानं, फोनवर सांगितलं तेव्हा दुपार होती आणि मी वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्या कुणाच्या तरी निधनाची बातमी तपासत होतो. "दादा गेला, भाऊ..." एवढंच ती बोलली. मग थांबून म्हणाली, "दुकानात लोकांचे फोन अडकलेत. ते कसे द्यायचे?" बातमी अनपेक्षित नव्हती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाची बातमी येणार हे ठाऊक असतं, दिवस तेवढा ठाऊक नसतो.

सिरसाळ्याच्या बाजारात ज्ञानोबाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, कपाटाएवढं. वडील मेंढरं राखत. आम्ही शाळेत असताना एका आडत दुकानातल्या टीव्हीवर हिंदीत डब केलेलं जपानी कार्टून लागायचं. त्यात शाळकरी चार मुली होत्या; संकट आलं की रंगीत प्रकाशात त्यांचे कपडे बदलायचे आणि त्या राक्षसांशी लढायच्या. "पोरींचं कार्टून बघतो का बे?" म्हणून बाकीची पोरं हसायची. ज्ञानोबा जागचा हलायचा नाही. धाकट्या उषाला कडेवर घेऊन तो उभ्यानं पूर्ण भाग पाहायचा. मुलींची जपानी नावं आमच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून आम्ही त्यांना रंगांवरून ओळखायचो. त्याची आवडती गुलाबी. सगळ्यांच्या पुढे तीच असायची.

पुढे ते कार्टून धंद्यात कामाला आलं. नवा डिस्प्ले बसवल्यावर कारागीर एखादा व्हिडिओ लावून पडदा तपासतो. ज्ञानोबा त्या मालिकेतला एक तुकडा लावायचा, कारण त्यात सगळे रंग एकामागोमाग येतात. हलक्या डिस्प्लेवर पिवळा हिरवट दिसतो, असं तो सांगायचा. "ज्ञानबा, मिशा पिकायला लागल्या, तरी कार्टून सुटंना व्हय?" असं गिऱ्हाईक म्हणालं की हा मान वर न करता उत्तर द्यायचा, "डिस्प्ले नकली निघाला तर शिव्या मलाच देताल ना? मग बघू द्या." रोज तेच पाहता पाहता त्याची आवड बदलली. "गुलाबी नुसती पुढं पळती. मागून समदं निळी सावरती," असं तो एकदा म्हणाला. तेव्हा घर तोच सावरत होता. निळी बरीच वर्षं टिकली.

आजार कळल्यावर अंबाजोगाईला डायलिसिस सुरू झालं. खाटेवर पडल्या पडल्या त्यानं ती मालिका मोबाईलवर पहिल्या भागापासून पुन्हा पाहिली. त्याच दिवसांत उषाच्या तपासण्या झाल्या आणि तिचं मूत्रपिंड त्याला चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या नवऱ्याची हरकत नव्हती. परळीहून ती कागदपत्रं घेऊन आली, त्या दिवशी ज्ञानोबा नाही म्हणाला. वडील हात जोडून बसले, तरी त्यानं कारण सांगितलं नाही. मला सांगितलं ते मोबाईल पुढे करून, पडदे तपासायचा तोच तुकडा लावून. शेवट जवळ आला असताना गुलाबी मरायला टेकते आणि पिवळी, चौघींतली सगळ्यात लहान, आपला प्रकाश काढून तिला देते. लहानपणी आम्ही या प्रसंगाला टाळ्या वाजवल्या होत्या.

"आता म्होरचे भाग बघ," तो म्हणाला. "पिवळी हाय, पर मागं. दप्तरं धरून उभी. बरी हायस का म्हणून एकीनं तरी इचारलं का तिला? इतकी वर्षं बघायलोय, मला दिसलीच न्हाई बे..." मग हळूच म्हणाला, "उषीला मी तसं उभं करणार न्हाई."

त्यानंतर पिवळीच त्याची आवडती राहिली. हातांना सूज आली, बोटांत पेचकस धरवेना. दुकान बंद झालं. दुसरं मूत्रपिंड मिळण्याची आशा कुणी धरलीच नव्हती; ते मिळालंही नाही.

तेरावं झाल्यावर उषानं आणि मी दुकान उघडलं. परळीच्या वीजकेंद्रातली राख घेऊन रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांमधली राख काचेवर बसली होती. उघडून ठेवलेल्या फोनांना गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. पडदे तपासायचा तुकडा ज्यात होता, तो जुना फोन आम्ही चार्जिंगला लावला. तुकडा सुरू झाला तेव्हा ज्ञानोबा पिवळीबद्दल जे म्हणाला होता, ते मी उषाला सांगितलं. पिवळी प्रकाश देते तिथं तिनं चित्र थांबवलं आणि फोन माझ्याकडे वळवला.

"तोंड बघा तिचं. हसायली. दादाला समदे रंग दिसले, हे कावून दिसलं न्हाई?" मग पदरानं पडदा पुसत म्हणाली, "तिला कुणी इचारलं न्हाई म्हणं... मला तरी त्यानं कुठं इचारलं?"

गिऱ्हाइकांचे फोन परत गेले. गाळ्यात आता रसवंती आहे. जुना फोन उषाकडे परळीला असतो. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात काळा डाग पडलाय आणि तो पसरत चाललाय. डिस्प्ले बदलावा लागेल, पण फोन ती कुणाला उघडू देत नाही. मागच्या आठवड्यात पाहिला, तेव्हा तेच चित्र थांबवलेलं होतं आणि डाग पिवळीच्या हातांपर्यंत आला होता.