डोमा पचारेचा सतरा इंची लॅपटॉप

तुमच्या दारात येणाऱ्या चपला उद्या शेजारणीच्या दारात दिसू लागल्या, तर तुम्ही त्या मोजाल का? खरं सांगा. डोमा पचारे मोजायचा. रोज.

चिमूरकडच्या एका तलावाकाठच्या ढिवर वस्तीतला हा माणूस मच्छीमार सोसायटीचा सचिव. शिक्षण सातवी, पण अर्ज असा लिहायचा की साहेबानं दोनदा वाचावा. पंधरा वर्षं अख्खं गाव त्याच्याच ओसरीवर बसून अर्ज लिहवून घेत होतं. २००८ च्या दिवाळीनंतर बचत गटाच्या सत्यशीलानं एक लहानसा लॅपटॉप आणला आणि चपला तिच्या दारात गेल्या. बाईच्या अक्षराला वळण नाही म्हणून तिला मशीन लागते, असं डोमा पानठेल्यावर सांगायचा. लोक हसायचे, आणि उठून तिच्याचकडे जायचे.

उन्हाळ्यात सरकारी ऑफिसातून तलावाच्या ठेक्याचं पत्र आलं. सभासदांची यादी संगणकावर करून, सीडीसकट, महिन्याच्या आत द्या. नाहीतर तलाव लिलावात, म्हणजे बाहेरच्या ठेकेदाराच्या घशात. त्रेसष्ट घरांचं पोट त्या यादीवर. सभेत कुणीतरी म्हणालं, सत्यशीलाबाईले सांगू. डोमा उसळला. सोसायटीची यादी बचत गटाच्या मशीनवर? शेवटी ठराव झाला, सोसायटीनं स्वतःचाच लॅपटॉप घ्यायचा.

चंद्रपूरच्या दुकानदारानं विचारलं, काम कशाचं, गावात विजेची लाइन किती वेळ राहते. अर्ज आणि याद्याच असतील तर लहान घ्या, बॅटरी जास्त टिकेल असा. डोमाला एकच ठाऊक होतं, सत्यशीलाचा दहा इंची आहे. त्यानं मासा तोलावा तसे तीन-चार हातात घेऊन पाहिले आणि सगळ्यांत जड होता तो, सतरा इंची, उचलला. दुकानदारानं अँटिव्हायरसची सीडी पुढं केली तेव्हा याला वाटलं, लुबाडतो आहे. पासवर्ड ठेवा म्हटल्यावर याचं उत्तर, सोसायटीच्या मालाले कुलूप कशाले?

गावात आठ तास भारनियमन, आणि त्या धुडाची बॅटरी दीड तासात मान टाकायची. तरी डोमानं एका बोटानं, आठवडाभर बसून, त्रेसष्ट नावं टाइप केली. सत्यशीलाला विचारलं असतं तर दोन दिवसांचं काम. पण विचारील तो डोमा कसला.

मग त्यानं जे केलं ते फक्त ढिवरच करील. नवं जाळं पाण्यात उतरवण्याआधी प्रत्येक घराचा हात त्याला लागावा लागतो, अशी या वस्तीची रीत. एकाचा हात राहिला तर जाळं रितं येतं म्हणतात. डोमानं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि हाक दिली, हरेक घरानं आपलं काहीतरी यात टाकायचं. लोक मोबाइलची कार्डं, पेनड्राइव्ह घेऊन आले. कुणी बारशाचे फोटो टाकले, कुणी वरातीची गाणी. डोमानं ओसरीवरच्या चपला मोजल्या. बासष्ट जोड. सत्यशीलाच्या दारात एकच जोड होता, तिचा. फक्त तिला त्यानं बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर यादी नाही. फोल्डर गायब, त्यांच्या जागी भलतीच चित्रं, आणि मशीन धापा टाकत असलेली. मुदत परवाची.

तरी तो सत्यशीलाकडे जायला उठेना. शेवटी बायको, प्रेमिला, म्हणाली, "तलाव गेला तं चपला मोजायले माणसं तरी राहतीन का गावात?"

दुपट्ट्यात मशीन गुंडाळून डोमा सत्यशीलाकडे गेला. तिनं आधी बसायला पाट दिला, मशीन उघडून पाहिली, मग विचारलं, "डोमाभाऊ, कोणाकोणाचं कार्ड लावलं यात?"

"साऱ्या गावाचं."

"माह्यं सोडून."

डोमा दुपट्ट्याची घडी घालू लागला.

"बेस झालं," ती म्हणाली. "नाईतर तुमीच म्हटलं असतं, सत्यशीलानंच बिमारी लावली. यादी मेली नाई, लपून बसली आहे."

तिनं सांगितलं, एका कार्डातला व्हायरस मशीनमध्ये शिरतो आणि तिथून पुढच्या प्रत्येक कार्डात. ती स्वतः बाहेरचं कार्ड तपासल्याशिवाय उघडतच नाही. अँटिव्हायरस टाकून, मधे दोनदा लाइन जाऊन, तीन तासांनी यादी वर आली. तिनं दोन सीड्या काढल्या, एक ऑफिसची, एक पेटीत ठेवायची. मग म्हणाली, आता पासवर्ड टाका, आणि पाठ फिरवून भिंतीकडे बघत बसली. डोमाला तेही खुपलं. इतकं चांगलं वागायची हिला काय गरज होती?

ऑफिसात बाबूनं विचारलं, यादी चांगली केली, कोणी केली? डोमाच्या जिभेवर स्वतःचंच नाव होतं. खोटंही नव्हतं.

"टाइप मी केली," तो म्हणाला, आणि घशातला काटा काढावा तसं पुढचं काढलं, "वाचवली आमच्या गावच्या सत्यशीलानं."

तलाव गावाकडंच राहिला. डोमाचं जळणं मात्र कमी झालं नाही, आणि ते झालं असं मी खोटं लिहिणार नाही. तुम्ही पहिला लॅपटॉप घ्यायला निघाला असाल तर एवढंच करा. दुकानात जायच्या आधी, ज्याच्यावर तुम्ही जळता त्याच्या घरी जा. कामाला कोणता पुरेल, बॅटरी किती टिकते, बाहेरचं कार्ड कसं तपासायचं, हे त्याला विचारा. जळत जळत जा, पण जा.