गाणाऱ्यामागे दर

आमच्या क्लबात मी रविवारी कॅराओके चालवतो. स्वतः बेसूर असल्यामुळे दुसऱ्याच्या हाती माइक देणं मला छान जमतं, असं बायको म्हणते.

काल सेक्रेटरी म्हणाले, "मानधन गाणाऱ्यामागे ठरवू. आज कितीजण गायले?"

मी अडखळलो. शेवटचं गाणं नेहमी लिमयेकाकूंच्या वारलेल्या यजमानांचं असतं. नुसता ट्रॅक वाजतो, माइक स्टँडवरच राहतो, आम्ही टाळ्या वाजवतो. काल काकू मध्येच कुजबुजल्या, "पट्टी उतरवा हो, त्यांचा आवाज वर जात नाहीये." मी उतरवली. त्या समाधानाने मान डोलवू लागल्या.

माणूस मोजणीतून नक्की कधी वजा होतो?

"अहो, किती?"

"माझं गणित कच्चं आहे," मी म्हणालो. "महिन्याचंच काय ते द्या."

"नुकसान होईल तुमचं."

"होऊ दे."

आवरताना मी स्टँडवरचा माइक काढला. तो नुकताच कुणाच्या हातातून आल्यासारखा कोमट होता.