राखून ठेवलेली साक्ष

आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत जाणारी पाणंद भावकीने चिऱ्यांचा गडगा घालून बंद केली, तेव्हापासून आम्ही शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, ये-जा करतो. पावसात मेर निसरडी होते आणि आईचे गुडघे आधीच गेलेले. पाणंद सुटली नाही तर आई घरातच अडकणार, एवढंच आमचं म्हणणं. कोर्टात त्याला वहिवाटीचा दावा म्हणतात.

तालुक्याच्या कोर्टात वकिलाने बाबांना विचारलं होतं, "वाट जुनी आहे हे सांगणारं कोणी वयस्कर माणूस आहे का?" बाबा सरळ नाही म्हणाले. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, दोन गावं पलीकडे धडधाकट बसलेली. लग्न होऊन ती ह्याच पाणंदीतून सासरी गेली होती. घरी येऊन मी जाब विचारला, तर म्हणाले, "आक्काक आताच पुढे करूची नाय. ती वरच्या कोर्टासाठी."

बाबांचा जन्म गावऱ्हाटीत गेलेला. देवळात भांडण निघालं की आधी धाकटे बोलतात आणि सगळ्यात थोरल्याचा शब्द शेवटी. तिथे मिटलं नाही तर मोठ्या देवाकडे गाऱ्हाणं जातं, आणि तिथे सगळं पहिल्यापासून सांगायचं. कोर्टंही एकावर एक असतात म्हटल्यावर बाबांनी तोच हिशेब लावला. त्यात तालुक्याला आम्ही जिंकलो, तेव्हा तर ते मिशीतल्या मिशीत हसत होते. हुकमाचं पान अजून हातातच होतं ना.

भावकी ओरोसला जिल्हा कोर्टात गेली. तिथे निकाल फिरला. वाट पूर्वापार असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असं निकालात लिहिलेलं. बाबा मात्र म्हणाले, "आता आक्काक काढूया."

पूर्वी हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागे, आता फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेलं की झालं. आम्ही तिथे अपील केलं आणि तारखेला गाडी केली. आत्याने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वाटभर ती पुटपुटत उजळणी करत होती. मधेच तिने मला विचारलं, "माका खंय उभी रवाक सांगतले गो?" मला ठाऊक नव्हतं.

कोल्हापूरचा वकील नवीन. आत्याला बघून त्याने विचारलं, "ह्या कोण?" बाबांनी ऐटीत सांगितलं. त्याने फाईल मिटली.

"काका, साक्षीपुरावे सगळ्यात खालच्या कोर्टात होतात. तिथे जे नोंदलं गेलं, तेवढंच वर येतं. इथे दुसऱ्या अपिलात वाट होती की नव्हती हे सहसा पुन्हा बघत नाहीत. कायदा लावताना चूक झाली का, एवढंच बघतात."

"म्हणजे हिचं ऐकणार नाहीत?"

"नाही."

"मग दिल्लीला?"

"तिथेही यांना कोणी उभं करणार नाही."

मला बाबांचा भयंकर राग आला. आतमध्ये आमचं काम बघता बघता आटोपलं. कायद्याचा प्रश्न निघत नाही म्हणून अपील फेटाळलं. आत्या मागच्या बाकावर पदर सावरून ताठ बसली होती. आम्ही उठलो तरी ती उठेना. "माका कोणी बोलवल्यानीच नाय," ती म्हणाली.

परतताना घाट उतरू लागलो आणि आत्या आपणहून बोलायला लागली. गडगा घालणाऱ्याचा बाप, म्हणजे बाबांचा चुलता, तिच्या लग्नादिवशी पाणंदीत उतरला होता. "तेच्या बापाशीन सोता कोयतो घेवन काट्यो तोडल्यान. माजी साडी अडकात म्हणान." मग कोण कोण चालत होतं, वाजप कुठे थांबलं, तिने मागे वळून कुठून पाहिलं, सगळं सांगितलं. वाट होती हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार होतं? बाबा पुढच्या सीटवर होते. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

मेरेवरून आत्याला हात धरून आणलं. आई घरापुढच्या खळ्यात काठी टेकून उभी होती.

"आक्कांचा आयकल्यानी?" तिने विचारलं.

बाबांनी आधी आत्याला बाकावर बसवलं. मग म्हणाले, "आमी आयकला."