परक्याची साक्ष

"राहायला कुठे?" असं कुणी विचारलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बँकेत विचारतात, रेशनच्या दुकानात विचारतात. परवा दवाखान्यातल्या एका पोरीने विचारलं. ती बिचारी तिचं काम करत होती, तरी मी तिच्यावर डाफरलो. तिला काय माहीत, या एका प्रश्नापायी माझी डॉक्टरकी गेली.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, पालमजवळचं, गोदावरीच्या अंगाला. तिथे आमचं घर होतं, दोन खणांचं, मातीचं, पण आमच्या मालकीचं. मात्र आम्ही मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादायचा आणि गोदावरीच्या काठाकाठाने खाली उतरायचं, ते थेट मांजरा ओलांडून तेलंगणात. वाटेतले शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत. रानाला लेंड्यांचं खत मिळायचं आणि आम्हाला ज्वारी. मृगाच्या तोंडावर कळप परत गावी यायचा. ज्याला जास्त गावं बोलावतात त्याची पत मोठी, असा आमच्यातला हिशेब. माझ्या बापाची पत फार मोठी होती. तीच आम्हाला नडली.

मी लहान असताना एका साली कळपात देवीची साथ आली. बापाने पाला बांधला, खंडोबाला साकडं घातलं, आणि मेंढरं मरत राहिली. मेलेल्या मेंढरांच्या ढिगाशेजारी बसून माय म्हणाली होती, "जनावराचा डागदर आपल्यातच एखादा आसता तर." ते माझ्या डोक्यात बसलं. परभणीच्या बोर्डिंगात राहून मी शिकलो, पोलीस ॲक्शनच्या आधी उर्दूत आणि नंतर मराठीत, आणि हैदराबादला जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळवला. हैदराबाद सरकारने वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, दिला. फी, खोली, खानावळ, सगळं त्यात कसंबसं भागायचं. त्या वजीफ्याशिवाय शिक्षणाचं आम्हाला नावही काढता आलं नसतं.

छप्पन साली राज्यांची नव्याने वाटणी झाली. परभणी मुंबई राज्यात गेली आणि हैदराबाद आंध्रात. परभणीत लोकांनी पेढे वाटले, मीही चिठ्ठी लिहून आनंद कळवला. पुढच्याच महिन्यात कॉलेजातला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "मियाँ, अब तो तुम बंबईवाले हो गए. वजीफा भी बंबई से मँगाओ." मी जागचा हललो नव्हतो. त्याच बाकावर, त्याच गुरुजींसमोर बसत होतो, आणि परदेशी झालो होतो.

इकडे परभणीच्या कचेरीला अर्ज केला. उत्तर आलं की परराज्यात शिकणाऱ्यांची मदत चालू राहील, पण विद्यार्थ्याचं कुटुंब याच जिल्ह्याचं रहिवासी असल्याची खात्री झाली पाहिजे. मी म्हटलं, यात काय अवघड आहे? आमच्या कितीतरी पिढ्यांची राख गोदावरीत गेलेली. गावच्या पाटलाचा दाखला जोडला आणि खानावळवाल्याला सांगितलं, थोडं थांबा.

चौकशीला महसूल खात्याचा गिरदावर गावात आला तो नेमका माघात. कळप तेव्हा मांजरेपल्याड. आमच्या दाराला कुलूप. त्याने लिहून नेलं, "घर बंद. इसम येथे राहत नाही." त्याच दिवशी तो गावातल्या जमीनदाराच्या माडीवरूनही गेला होता. तिलाही कुलूपच होतं. जमीनदार कित्येक वर्षं हैदराबादला बिऱ्हाड करून होते, सुगीला वाटा न्यायला तेवढे यायचे. त्यांचा मुलगा तिथेच वकिली शिकत होता. त्याची मदत बिनबोभाट चालू राहिली. माडीचं कुलूप असलं की मालक बाहेरगावी गेलेला असतो, आणि आमच्या दाराला कुलूप असलं की आम्ही तिथे राहतच नसतो. कायद्याचं एवढं बारीक ज्ञान मला त्या वकिलाच्याही आधी झालं.

आम्ही तक्रार केल्यावर परभणीला सुनावणी लागली. बापाला निरोप गेला की तुम्ही खरोखर कुठे राहता, हे सांगणारे साक्षीदार आणा.

आता आमच्यातली एक रीत सांगितली पाहिजे. मेंढरू चोरीला गेलं की पंच बसत. तेव्हा भाऊबंदाची साक्ष कुणी धरत नसे, आपल्या गावच्याचीही नाही. तो आपल्या बाजूनेच बोलणार. साक्ष धरायची ती परगावच्या माणसाची, ज्याचं आपल्याशी नातं नाही, ज्याला आपल्याकडून काही मिळायचं नाही. बापाचं सगळं आयुष्य या न्यायात गेलेलं. सरकार म्हणजे त्याच्या लेखी मोठे पंच.

मी हैदराबादहून गाडीने परभणीला उतरलो तेव्हा बाप कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसला होता. धुतलेलं धोतर, नवा पटका. मला बघून उठला आणि हसला. तो क्वचितच हसायचा.

"काळजी करू नकू," तो म्हणाला. "समदे कागद कालच देऊन टाकलेत म्या."

"कसले कागद, बा?"

"साक्षीचे. सोता पायी फिरून आणल्यात. मांजऱ्याच्या आल्याडचे न्हाई, पल्याडचे. पाटील, पटवारी, समद्यांच्या सह्या हायती. परक्याची साक्ष धरत्यात."

मी काही बोलायच्या आत शिपायाने हाक मारली.

साहेब तरुण होता, पुण्याकडून नुकताच आलेला. त्याने एकेक कागद मोठ्याने वाचला. हा इसम दरसाल आमच्या गावी मेंढरं घेऊन येतो. पौषात आमच्या शिवारात असतो. होळीपर्यंत इथेच राहतो. माणूस इमानदार आहे. आम्ही त्याला आमच्यातलाच समजतो. गाव बदलत होतं, मजकूर तोच. दर गावाच्या नावाला बाप मान हलवायचा, छाती थोडी पुढे यायची. एका पाटलाने तर लिहिलं होतं की त्याच्या मुलीच्या लग्नात आमच्या बापाने कोकरू आहेर केलं. ते ऐकून बाप माझ्याकडे वळून बघायला लागला, मी ऐकलं ना ते बघायला.

मी खाली मान घालून बसलो होतो. त्याला थांबवावं तरी कसं? सगळं आधीच साहेबाच्या हातात होतं.

"म्हणजे तुम्ही वर्षातले जास्त महिने आंध्रातच असता," साहेब म्हणाला.

"व्हय सायेब," बाप म्हणाला. "तिकडं लय मानत्यात मला."

मी उठून सांगायचा प्रयत्न केला की घर इथे आहे, मतदान इथे केलंय, आजा-पणजा इथलेच. साहेब वाईट नव्हता, म्हणूनच जास्त राग येतो. तो शांतपणे म्हणाला, "अहो, तुमचे वडीलच सांगताहेत. त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे का?" गिरदावर पावसाळ्यात गावाला आला असता तर आम्ही घरीच सापडलो असतो. पण सरकारला पाऊस आवडत नाही. चौकशीचे दौरे हिवाळ्यात निघतात.

अर्ज नामंजूर झाला. मी परत हैदराबादला गेलो, इकडच्या नकाराचा कागद तिकडे दाखवला. म्हटलं, हे म्हणतात आम्ही तुमचे. तिकडचा कारकून पोट धरून हसला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. खानावळवाल्याने ताट बंद केलं. मित्रांनी काही दिवस आपल्यातलं वाढलं, पण मित्रांचेही बाप होते. उन्हाळ्याच्या सुट्टीला गावी आलो तो परत गेलो नाही. कॉलेजने पटावरून नाव काढलं.

बापाला मी एवढंच सांगितलं की सरकारकडे पैसा नव्हता. त्याला ते लगेच पटलं. म्हणाला, "तरीच. न्हाई तर साक्षीत कायबी कमी नव्हतं."

त्या दिवाळीनंतर मी कळपामागे निघालो. अर्धा डॉक्टर. एवढं शिकलो होतो की मेंढरू का मरतंय ते कळायचं, आणि औषध कुठलं तेही कळायचं, फक्त ते जवळ नसायचं. मांजरेपलीकडे पहिलं गाव लागलं, बापाचं सगळ्यात लाडकं, कोकराच्या आहेराचं. रस्त्यावर नवीन नाका झाला होता. जंगल खात्याच्या माणसाने काठी आडवी घातली. परराज्यातली मेंढरं, चराई दुप्पट.

"परराज्यातली?" बाप हसलाच. "आरं, त्ये बग, पाटील हायती. त्येंनाच इचार."

पाटील पारावर बसले होते. त्यांनी बापाला बघितलं. मग नाकेवाल्याला बघितलं.

"वळखतो की," ते म्हणाले. "पन सरकारी काम हाय बाबा. तुमी पडले मुंबईकडचे."

बापाने जास्त वाद घातला नाही. एक मेंढा तिथल्या तिथे विकून दुप्पट चराई भरली. पावती उर्दूत होती. कळप पुढे गेल्यावर त्याने ती माझ्या हातात दिली आणि वाचायला सांगितली. मी वाचली. बापाचं नाव, आजाचं नाव, गावाचं नाव. साकीन, म्हणजे राहणार, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी, मुंबई राज्य. खाली गोल शिक्का.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. परभणीच्या कचेरीला जे पाहिजे होतं ते सगळं त्या चिटोऱ्यावर होतं, आणि ते परक्या सरकारने लिहिलं होतं.

बाप चालता चालता थांबला. पावती माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून बघितली. त्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्का कळत होता. जपून घडी घातली आणि पटक्यात खोवली.

"परक्यानंच लिवलंय," तो म्हणाला. "आता पैका न्हाई आसं म्हनणार न्हाईत. ही साक्ष तर धरतील न्हवं? माघारी गेलो की परभनीला दावू."

कॉलेजचं दार केव्हाच बंद झालं होतं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. पण आमच्या पंचांकडे निकाल फिरायचा. नवा साक्षीदार आला की पंच पुन्हा बसायचे.

"धरतील," मी म्हणालो.