पुण्यातून दिसणारा आमचा फ्रीज

तुळजापुरात आमच्या फ्रीजला ताप आला की तिकडं पुण्यात आमच्या लेकाला लगेच कळतं. मला ताप आला तर मलाच फोन करून सांगावं लागतं.

त्याचं झालं असं. आमच्या ह्यांना साखर, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. मागं एका उन्हाळ्यात लाइट गेली ती गेलीच. फ्रीजमधलं औषध खराब झालं अन् ते कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. साखर अशी चढली की ह्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. लेक गाडी काढून आला, दोन दिवस राहिला आणि जाताना फ्रीजमध्ये काडेपेटीएवढी एक पांढरी डबी चिकटवून गेला. आत किती गार आहे ते मोजायचं, दार उघडं राहिलं तर तेही ओळखायचं आणि इंटरनेटवरून त्याच्या मोबाइलला कळवायचं, एवढंच त्या डबीचं काम. "आता काळजी मिटली," म्हणाला. कुणाची, ते काही बोलला न्हाय.

झालं, फोनाफोनी सुरू! नवरात्रात आमच्याकडं देवीला आलेले पाहुणे घरात मावत न्हाईत. एकाला दही पाहिजे, एकाला गार पाणी, एकीला लेकराचं दूध. फ्रीजचं दार लागायचं नावच न्हाय. इकडं मी हातात पातेलं घेऊन उभी, आणि तिकडून फोन. "आई, बारा डिग्री झालंय! आतला फोटो काढून पाठव बरं." म्हणजे फोटोसाठी परत दार उघडायचं! म्हटलं, अरे शहाण्या, इंजिनिअरिंगला हेच शिकवलं का तुला?

पौर्णिमा झाली, पाहुणे गेले, घर मोकळं झालं. तरी फोन थांबेनात. दुपारी मी जरा आडवी झाले की वाजलाच. "बाबा, दार उघडं राहिलंय." एरवी हाका मारून माझा घसा सुकला तरी ह्यांना ऐकू येत न्हाय, पण ह्या फोनला पहिल्या रिंगलाच हजर. "व्हय का? बघतो हं. तिकडं पाऊस हाय का? पोरीची शाळा कशी चाललीय?"

मला वाटलं, चोरून पेढे खातायत. एकदा पावलं न वाजवता जाऊन बघितलं. पेढा न्हाय, काही न्हाय. फ्रीजचं दार सताड उघडं, समोर स्टूल टाकून हे बसलेले आणि मोबाइल मांडीवर.

"अहो, काय चाललंय हे? औषध नासंल की!"

"येईलच आता," म्हणाले. "त्याचा फोन."

लई राग आला मला. ह्यांचा आला, त्या डबीचा आला, आणि लेकाचा तर विचारूच नका. इन्सुलिन नासलं तर पुन्हा दवाखाना. आणि हा माणूस जीव पणाला लावतोय कशासाठी, तर पोराशी दोन मिनिटं बोलायला! तिथूनच लेकाला फोन लावला. आडपडदा ठेवला न्हाय. म्हटलं, तुझे बाबा मुद्दाम दार उघडं ठेवतात. फ्रीज तापल्याशिवाय तू फोन करत न्हाईस, म्हणून.

तो म्हणाला, "अगं आई, मीटिंगमध्ये सारखं वाजतं ते. बघतो, काहीतरी सेटिंग करतो."

मी वेडी! मला वाटलं, रोज संध्याकाळी फोन करायचं सेटिंग.

परवा दुपारी परत फ्रीजच्या दाराचा आवाज आला. तणतणत स्वयंपाकघरात गेले, तोवर फोन वाजलासुद्धा. ह्यांनी घाईघाईनं स्पीकर लावला. "बोल बाळा."

पलीकडं बाईचा आवाज. गोड, रेकॉर्ड केलेला. "नमस्कार. आपल्या फ्रीजचं दार उघडं आहे. कृपया दार बंद करा."

हे मोबाइलकडं बघत राहिले. ती यंत्रातली बाई आहे, हे काय ह्यांना कळत न्हाय? जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. तरी फोन ठेवला न्हाय.

"बरं बरं, लावतो," म्हणाले. "तू जेवलीस का, बाई?"

"आपल्या फ्रीजचं दार उघडं आहे," ती म्हणाली.