नमाकाकीच्या खाचरातली खारफुटी

हे बायकोलाही ठाऊक नाही. गेल्या आठवड्यात एका सत्कारात मला शाल घालून ‘निसर्गाचा सेवक’ म्हटलं, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. सेवक म्हणे! कुणाचा?

एक कारखाना स्वतःहून कार्बन न्यूट्रल व्हायला निघाला होता. धूर जमेल तेवढा कमी करायचा, उरलेल्याच्या बदल्यात आमच्या रेवसकडच्या खाडीत खारफुटी वाढवायची. मी त्याच कारखान्यात नोकरीला, लावायचं काम माझं. लावली—आणि उधाणाने सगळी रोपं वाहून नेली. हे वर सांगितलं असतं तर काय झालं असतं? नोकरीसुद्धा गेली नसती. नुसती बोलणी बसली असती. तेवढाही दम नव्हता माझ्यात.

त्याच सुमारास सरकारी बांधाला खांड पडली आणि भरतीचं पाणी नमाकाकीच्या भाताच्या खाचरात शिरलं. नमाकाकी माझी चुलती, मागे कुणी नाही, वर्षाचं पोट त्या एका खाचरावर. खांड लगेच बुजवली तर जमीन वाचते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिने माझ्याकडून खांड बुजवायचा सरकारी अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला. म्हणाली, “तुजी सायबांशी वळख हाय, तूच दे.”

तो मी दिला नाही.

विसरलो असं म्हणू? नाही—विसरलो नव्हतो. खाचरात खारफुटीची रोपं आपोआप उगवताना मला दिसत होती. ती कमरेएवढी झाल्यावर फोटो काढले, आमचीच लागवड म्हणून दाखवली. तपासणीवाल्यांनी बूट चिखलात घातलेच नाहीत, बांधावरूनच माना डोलावल्या. कारखाना न्यूट्रल झाला. काकी दरवर्षी अर्जाचं विचारायची, आणि मी—लाज कशी नाही वाटली?—तिच्यासमोर सरकारला शिव्या घालायचो.

शेवटी तिने कोयता घेतला आणि झाडं तोडायला लागली. वनखात्याची नोटीस आली. वाचायला ती माझ्याकडेच आली. खारफुटी तोडणं गुन्हा आहे, मी वाचलं.

“म्हंजे आता भात लावायचा न्हाय? कवाच?”

“नाही, काकी.”

तिने कागदावरच्या शिक्क्यावर बोट फिरवलं. मग म्हणाली, “बरा झाला कागद तू वाचलास. दुसऱ्यानी फसवला असता मना.”

मी मान डोलावली, आणि नोटिशीची घडी घालून तिच्या हातात दिली.